माजलगावच्या पाण्यावर कोणत्या तळाची बोट?

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. आम्ही तिघं भाऊ, जिनिंगचा धंदा आहे. माजलगाव धरणाच्या फुगवट्याला लागून शेती. यंदा तिघांनी मिळून वेगाची मोटरबोट घ्यायचं ठरवलंय. तीन बोटी नजरेत आहेत. पहिली मुंबईची, वापरलेली, २४ फुटी, डीप व्ही म्हणजे खोल व्ही आकाराच्या तळाची. तळाचा कोन २४ अंश, तळाला दोन स्टेप म्हणजे आडव्या पायऱ्या, ३०० अश्वशक्तीचं, मागे बाहेर टांगलेलं आउटबोर्ड इंजिन, इंजिनासकट १७०० किलो. दुसरी २२ फुटी कॅटमरान, जुळ्या तळाची, मधून बोगदा, २५० अश्वशक्ती. तिसरी नवी, गोव्यातल्या एका यार्डात बांधलेली, २० फुटी. कोन १८ अंश, स्टेप नाही, १५० अश्वशक्ती, इंजिनासकट १००० किलो. दिवाळीपासून होळीपर्यंत धरणावर चालवायची, घरची पाच-सहा माणसं घेऊन. कधीमधी नाथसागरावर न्यावी असंही मनात आहे. उन्हाळ्यात आठ दिवस अलिबागला, मधल्या भावाच्या सासुरवाडीला. मला पहिली आवडलीय, धाकटा कॅटमरानसाठी अडून बसलाय, मधला म्हणतो तिसरीत दमच नाही. वेगासाठी यात तळ कोणाचा सरस?

— एक वाचक, ता. माजलगाव, जि. बीड

उत्तर

भाऊ, तिसरी घ्या. मधल्या भावाला तिच्यात दम दिसत नसला तरी तुमच्या पाण्यावर, तुमची माणसं घेऊन, हंगामभर सुखानं पळेल अशी बोट या तिघींत तीच आहे. फक्त नवी आहे म्हणून डोळे झाकून पैसे देऊ नका. तिचाही तळ तपासायचाय, तो कसा ते पुढे सांगते. आधी कारणं सांगते, म्हणजे तिघांना एकत्र बसून बोलता येईल.

बोट सावकाश चालते तेव्हा ती पाण्यात बसलेली असते, पाणी बाजूला सारत जाते. वेग वाढला की खालचं पाणी तिला उचलून धरतं आणि ती पाण्यावरून घसरायला लागते. याला प्लेनिंग म्हणतात. तुमच्या तिन्ही बोटी प्लेनिंगच्या आहेत. तळ जितका सपाट, तितकं पाणी त्याला चांगलं उचलतं आणि बोट थोड्या इंजिनातही वर येते. पण सपाट तळ लाटेवर दाणदाण आपटतो. म्हणून त्याला व्हीचा कोन देतात. नांगराचा फाळ जमिनीत घुसतो तसा असा तळ लाटेत घुसतो आणि दणका पाठीच्या मणक्यापर्यंत पोचत नाही. त्याची किंमत इंजिन मोजतं, कारण कोन वाढला की पाण्याचा आधार घटतो.

या कोनाला डेडराइज म्हणतात आणि तो मागच्या टोकाला, इंजिन लावतात त्या ट्रान्समजवळ मोजतात. नाकाकडचा धारदार भाग पाहून पुष्कळ जण भाळतात, पण पूर्ण वेगात नाक हवेत असतं. पाण्याला टेकलेला असतो तो मागचा भाग. विकणारा २४ अंश म्हणाला, तर कुठे मोजलेले ते पहिल्यांदा विचारा.

हा २४ अंशांचा तळ गाजला तो खुल्या समुद्रात. अमेरिकेत रे हंट या डिझायनरनं १९५० च्या दशकात नाकापासून शेपटीपर्यंत खोल व्ही असलेला तळ तयार केला. त्यावर रिचर्ड बर्ट्रम यांनी ‘मॉपी’ नावाची बोट बांधून घेतली आणि १९६० च्या मायामी ते नासाऊ शर्यतीत उतरवली. त्या दिवशी समुद्र खवळलेला होता. बाकीच्यांना लाटांच्या मारानं वेग कमी करावा लागला, मॉपी मात्र लाटा कापत सगळ्यांच्या कितीतरी आधी पोचली. त्याच तळावरून पुढे बर्ट्रम ३१ ही बोट निघाली आणि डीप व्ही जगभर पसरला. तळ उत्तमच आहे, त्यात वाद नाही. पण ज्या लाटांनी त्याला मोठं केलं, त्या लाटा माजलगावात उठत नाहीत. तुमच्याकडे वारा सुटला की फूट-दीड फुटाची, आखूड, एकीला लागून दुसरी अशी लाट येते. तिला १८ अंश पुरतात. अगदी सपाट तळाची बोट घेऊ बघत असता तर मीच तुम्हाला अडवलं असतं.

डीप व्हीचा आणखी एक स्वभाव तुम्हाला घरच्या माणसांसोबत जाणवेल. थांबलेली असताना ती डुलते. पोरं एका बाजूला जमली की ती तिकडे कलते आणि पाण्यातून कोणी वर चढायला लागलं की आणखी. सवय झालेल्याला काही वाटत नाही, पण पहिल्यांदा बसलेली आजी घाबरते. १८ अंशांचा तळ, त्यातही कडेची चाईन, म्हणजे तळ आणि बाजू मिळतात ती कड, रुंद आणि किंचित खाली वळवलेली असेल, तर उभ्या बोटीत बरीच स्थिर राहते. तिसऱ्या बोटीची चाईन कशी आहे ते नीट बघून घ्या.

आता वेगाचं गणित, कारण तुमच्या घरातलं खरं भांडण तिथं आहे. प्लेनिंग बोटीचा वेग इंजिनाच्या पटीत वाढत नाही. ढोबळमानानं तो दर अश्वशक्तीमागे किती किलो वजन पडतं त्याच्या वर्गमुळाच्या उलट प्रमाणात चालतो. वेग दुप्पट हवा तर शक्ती चौपट लागते. तुमचेच आकडे घेऊ. पहिली बोट १७०० किलो, त्यात माणसांचे ४०० आणि पेट्रोल-सामानाचे १०० धरले की २२०० झाले. भागिले ३००, म्हणजे अश्वशक्तीमागे सव्वासात किलोच्या आसपास. तिसरी १०००, त्यात तेच ५०० मिळवले की १५००. भागिले १५०, म्हणजे १० किलो. वर्गमूळ काढून तुलना केली तर दुप्पट इंजिन असूनही पहिली बोट तिसरीपेक्षा साधारण १७ टक्केच पुढे जाते. भरल्या वजनात तिसरी ताशी ६०-६५ किलोमीटर गेली, तर पहिली ७०-७५. स्टेप चांगल्या बसल्या असतील तर आणखी थोडी वर. एवढ्या फरकासाठी पेट्रोल किती? चारस्ट्रोक आउटबोर्ड पूर्ण थ्रॉटलला अश्वशक्तीच्या एक दशांश गॅलन ताशी पितं, असा जुना ठोकताळा आहे. ३०० ला तासाला ११० लिटरच्या घरात, १५० ला ५५. पेट्रोल लिटरला शंभरावर आहे. हिशेब तुम्ही जिनिंगवाले माझ्यापेक्षा लवकर कराल.

स्टेपबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण जुनी स्टेपची बोट घेणाऱ्याला ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. तळाला आडवी पायरी ठेवली की पायरीमागे हवेचा थर शिरतो आणि पाण्याला घासणारं क्षेत्र कमी होतं. कल्पना जुनी आहे. १८७२ मध्ये चार्ल्स रॅमस या इंग्लिश धर्मगुरूनं ब्रिटिश नौदलाला ती सुचवली होती, पण त्या काळच्या वाफेच्या जड इंजिनांत ती पेलण्याची ताकद नव्हती. आज हलक्या बोटी आणि जोरदार इंजिनं आहेत, म्हणून स्टेप जमतात. पण त्यांचा खरा फायदा ताशी सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या पुढे दिसायला लागतो. म्हणजे सहा माणसं बसवून तुम्ही जिथे थांबाल, तिथून तो सुरू होतो.

धोका वळणावर असतो. स्टेपला हवा बाजूनं मिळते आणि बोट पाण्याच्या कमी भागावर टेकलेली असते, त्यामुळे मागच्या टोकाची पकड मुळात कमी. वेगात असताना समोर काही दिसलं, माणूस दचकला, एकदम थ्रॉटल सोडलं आणि त्याच क्षणी स्टिअरिंग फिरवलं, तर नाक खाली येऊन पाण्यात रुततं, मागचं टोक सुटतं आणि बोट गर्रकन फिरते. फिरताना आतली माणसं बाहेर फेकली जातात. स्टेपच्या बोटीत थ्रॉटल हळूहळू कमी करायचं, नाक जास्त खाली दाबून वळायचं नाही, वळण मोठं घ्यायचं, या सवयी अंगात मुरवाव्या लागतात. तुमच्याकडे तिघं भाऊ, उद्या पोरंही चालवणार. दचकल्यावर प्रत्येकाचा हात थ्रॉटलवरून सुटणारच. स्टेप नसलेला १८ अंशांचा तळ त्या चुकीला बराच सांभाळून घेतो. माझ्या दृष्टीनं पहिली बोट नाकारायला एवढं एक कारण पुरेसं आहे.

धाकट्या भावाच्या कॅटमरानबद्दल थोडक्यात. तिच्या दोन पायांमधल्या बोगद्यात हवा कोंडली जाते आणि ती हवाच बोट उचलते. खूप वेगात, हलक्या वजनात, सपाट पाण्यावर तिच्यासारखी दुसरी नाही, हे त्याचं म्हणणं बरोबर आहे. पण हवेचा हा आधार कामाला येतो तो ताशी शंभरच्या पलीकडे. सहा माणसं बसवली की पाय पाण्यात खोल जातात आणि आखूड लाट बोगद्याच्या छताला खालून थापा मारते. वळताना ती व्हीच्या बोटीसारखी आत झुकत नाही, सपाट वळते आणि बसलेला माणूस बाहेरच्या बाजूला ढकलला जातो. शिवाय जी हवा उचलते तीच कधी उलथवतेही. वेगाचे विक्रम करणाऱ्या डोनाल्ड कॅम्पबेल या इंग्रजाची ‘ब्लूबर्ड’ ४ जानेवारी १९६७ ला इंग्लंडच्या कोनिस्टन तलावावर ताशी ३०० मैलांच्या वर असताना नाक वर उचलून उलटली आणि त्यात तो गेला. ती हायड्रोप्लेन, म्हणजे पाण्याला जेमतेम टेकून पळणारी शर्यतीची बोट होती आणि तिचा वेग तुमच्या कल्पनेपलीकडचा होता, पण खालून शिरलेली हवा काय करते ते तेच. धाकट्याला वेगाची खरी ओढ असेल तर त्यानं पुढे एक-दोन माणसांची शर्यतीची बोट, शिकवणारा माणूस आणि मोकळं राखलेलं पाणी बघावं. घरची बोट म्हणून कॅटमरान नको.

आता तुमचं पाणी. विकणाऱ्याला ते माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे, पण बोटीच्या नजरेनं तुम्ही ते कदाचित पाहिलेलं नाही.

माजलगाव धरण भरलं की ४५४ दशलक्ष घनमीटर पाणी, त्यातलं १४२ मृतसाठा. सिंदफणेचं पाणी आणि पैठणच्या उजव्या कालव्यातून येणारं पाणी यावर ते अवलंबून. ज्या वर्षी दोन्हीकडून हात आखडतो, त्या वर्षी तुमच्या शेताजवळचं पाणी संक्रांतीलाच मागे सरकलेलं असतं. फुगवट्याची जमीन सपाट आहे. पातळी हातभर उतरली की काठ कितीतरी लांब जातो. तुम्ही गाळपेर करत असाल तर हे सांगायची गरज नाही. पण त्याचा अर्थ असा, की नोव्हेंबरमध्ये तुम्ही जिथे झोकात बोट चालवली, तिथेच फेब्रुवारीत बुडालेल्या बाभळीची खोडं, जुन्या विहिरीचा काठ, बांधाचे दगड पाण्याखाली वीतभर असतात. आउटबोर्ड खाली सोडलेलं असताना २४ फुटी डीप व्हीला साधारण तीन फूट पाणी लागतं, २० फुटीला अडीच. तेवढा अर्धा फूट हंगामाच्या शेवटी फार कामाचा ठरतो. पण पाणी थोडं आहे म्हणून वेग वाढवून वरून निसटून जाऊ, असा विचार कोणत्याच बोटीत करू नका. खोडाला इंजिनाचा पंखा (प्रोपेलर) लागला की खालचा गिअरबॉक्स फुटतो आणि बोट जागच्या जागी थबकते, आतली माणसं थबकत नाहीत. बोट आणण्याआधी येत्या मे महिन्यात, धरण तळाला गेलेलं असेल तेव्हा, तिघांनी चालत जाऊन सगळी खोडं आणि दगड मोबाइलच्या नकाशावर खुणा करून ठेवा. भोई मंडळींपैकी एखाद्या जुन्या माणसाला बरोबर घ्या. त्याला जे ठाऊक आहे ते कोणत्याही यंत्रावर दिसत नाही.

त्याच मंडळींसाठी वेगाचा आणखी एक हिशेब. ताशी १०० किलोमीटरला बोट सेकंदाला २८ मीटर जाते. थर्माकोलच्या तराफ्यावर वाकून जाळं ओढणारा माणूस तिरप्या उन्हात २०० मीटरवर दिसला, तर हातात सात सेकंद उरतात. ताशी ६० ला बारा. जाळ्याची खूण म्हणजे पाण्यावर तरंगणारी प्लॅस्टिकची बाटली, ती तर त्याहूनही उशिरा दिसते. त्यांचं पोट त्या पाण्यावर आहे आणि आपण तिथे हौसेला जातोय. जाळी टाकण्याच्या वेळा त्यांना विचारून घ्या आणि तो भाग सोडूनच बोट चालवा.

मग काळी माती. बोट पाण्यात सोडायला पक्का उतार आहे का? पत्रात त्याबद्दल काही नाही. नसेल तर ट्रेलर ओल्या काळ्या मातीतून मागे न्यावा लागेल. पहिली बोट ट्रेलरसकट अडीच टनांच्या आसपास जाईल. तिची चाकं एकदा कण्यापर्यंत रुतली की दोन ट्रॅक्टर लावले तरी पहिल्यांदा ट्रेलरचा सांधाच वाकतो. १००० किलोची बोट एका ट्रॅक्टरनं, खाली मुरूम आणि फळ्या टाकून, निघते. जिथे पाणी उतरलं तरी काठ फारसा लांब जात नाही अशी जागा निवडून मुरूम-खडीचा उतार करा. तो धरणाच्या जमिनीत येत असेल तर आधी विचारल्याशिवाय हात लावू नका.

इंजिनाबद्दलही एक गोष्ट. आउटबोर्डची शक्ती समुद्रसपाटीच्या हिशेबानं सांगितलेली असते. तुमचं धरण ४०० मीटरांच्या वर आहे आणि होळीच्या सुमाराला दुपारी हवा तापलेली असते. हवा विरळ, म्हणून टर्बो किंवा सुपरचार्जर नसलेलं इंजिन आठ-दहा टक्के कमी ताकद देतं. गोव्यात चाचणी घेताना जो पंखा अगदी बरोबर वाटला, तो माजलगावात जड वाटेल आणि इंजिन पूर्ण आरपीएमपर्यंत चढणार नाही. पिच म्हणजे एका फेरीत पंखा जेवढा पुढे सरकेल ते अंतर. एक इंच कमी पिचचा पंखा लावला की आरपीएम दीडशे-दोनशेनं वाढतात. यार्डाकडून असा दुसरा पंखा व्यवहारातच मागून घ्या. तो पुढे जादा पंखा म्हणूनही कामी येईल, आणि तुमच्या पाण्यात तो लागणार आहे.

आता तळाची तपासणी. बोट ट्रेलरवर असताना जा, सकाळच्या तिरप्या उजेडात. गिलाव्याचं काम करणारे वापरतात ती सहा फुटी ॲल्युमिनियमची पट्टी बरोबर न्या, सरळ आहे याची खात्री करून. अंगाखाली पोतं टाकून बोटीच्या मागच्या भागाखाली आडवे व्हा. ट्रान्समपासून पुढे, लांबीच्या दिशेनं, कीलच्या म्हणजे तळाच्या मधल्या कण्याच्या बाजूला पट्टी तळाला लावा. शेवटचे पाच फूट पट्टी सगळीकडे टेकली पाहिजे. मध्ये फट दिसली, पलीकडून उजेड आला, म्हणजे मागची कड खाली झुकली आहे. याला हुक म्हणतात. असा तळ नाक खाली दाबतो आणि वेग खातो. पट्टी मध्ये टेकून दोन्ही टोकांना डुगडुगली तर उलटा दोष आहे, रॉकर. त्यात वेगात नाक वर-खाली नाचायला लागतं. दोन-तीन मिलिमीटरचाही फरक पडतो, म्हणून घाई करू नका. दोन्ही बाजूंना तीन-तीन ठिकाणी पट्टी लावून बघा. ट्रेलरच्या फळ्या ट्रान्समपर्यंत पोचत नसतील तर इंजिनाच्या वजनानं नव्या बोटीलाही कालांतरानं हुक येतो, तेव्हा ट्रेलर घेतानाही हे पाहा.

कोन मोजायला मोबाइलमधलं लेव्हलचं ॲप पुरतं. ट्रान्समच्या कडेला, कीलपासून चाईनपर्यंत आडवी पट्टी धरा, मधल्या लांबट पट्ट्यांवर म्हणजे स्ट्रेकवर ती टेकू देऊ नका, आणि मोबाइल पट्टीला लावा. डावीकडचा आणि उजवीकडचा आकडा घेऊन सरासरी काढा, म्हणजे ट्रेलर तिरपा उभा असला तरी चूक राहत नाही. दोन्ही बाजूंच्या आकड्यांत मोठी तफावत आली तर ट्रेलर सपाट जागी आणून पुन्हा मोजा. तरीही तफावत राहिली तर साच्यातच खोट आहे, ती बोट सोडून द्या.

मग ट्रान्सम. हातोडीच्या प्लॅस्टिकच्या मुठीनं चार-चार बोटांवर ठोकत जा. आवाज सगळीकडे टणक यायला हवा. कुठे बद्द आला तर आतलं लाकूड किंवा फोम भिजलेला असू शकतो. इंजिन वर उचलून ठेवा, त्याच्या खालच्या भागावर दोन्ही हातांनी जोर द्या आणि दुसऱ्याला ट्रान्समकडे बघायला सांगा. तो वाकताना दिसला, किंवा बोल्टपाशी जेलकोटला, म्हणजे वरच्या गुळगुळीत थराला, कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा दिसल्या, तर नाही म्हणा. एवढं सांगूनही मुंबईच्या बोटीवरून मन उठत नसेल, तर निदान तिच्या स्टेपच्या कडा बोटानं चाचपून बघा. त्या धारदार हव्यात. डागडुजी करून गोल झालेली कड हवा नीट सोडत नाही.

नाथसागरावर बोट नेण्याचा विचार मात्र सोडून द्या, हे मी मनापासून सांगते. तो सगळा जलाशय १९८६ पासून जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. वनविभागाच्या परवानगीशिवाय तिथे हौसेची मोटरबोट चालवता येत नाही. तुमचा हंगाम दिवाळी ते होळी, रोहित पक्षी आणि हजारो मैलांवरून आलेली बदकं उथळ पाण्यात चरायला उतरतात तोही हाच काळ. दीडशे अश्वशक्तीचा आवाज एकदा जवळून गेला की अख्खा थवा उठतो. ते पाणी आपल्याच संभाजीनगर-जालन्याचं पिण्याचं पाणीही आहे. पोरांना घेऊन तिथे दुर्बीण घेऊन जा, बोट घरी ठेवून.

माजलगावलाही कागद लागतात. इंजिनावर चालणाऱ्या बोटीला अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ लागू होतो. नोंदणी, तपासणी आणि विमा त्यात आले. आपल्या राज्यात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळ बघतं. जलाशय गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाचा, तेव्हा बोट चालवायची आणि उतार करायची लेखी परवानगी त्यांच्याकडून घ्या. ती हातात येईपर्यंत कोणालाही विसार देऊ नका. धरणातून बीडला आणि माजलगावला पिण्याचं पाणी जातं, म्हणून पेट्रोल काठापासून लांब, जमिनीवर भरायचं आणि सांडलेलं पुसायला चिंध्या जवळ ठेवायच्या.

अलिबागच्या आठ दिवसांसाठी पाच महिन्यांची बोट निवडू नका. २० फुटी, १८ अंशांची बोट तिथे सकाळच्या वेळी किनाऱ्याजवळ मजेत चालते. उन्हाळ्यात दुपारी वारा वाढून समुद्र उठतो, त्याआधी परत यायचं. तिथून आल्यावर इंजिन गोड्या पाण्यानं भरपूर धुऊन काढा, ट्रेलरचे ब्रेक आणि बेअरिंगसुद्धा.

चाचणीला गोव्याला तिघंही जा आणि बोट पूर्ण वजनानिशी चालवून बघा. यार्डवाला दोन माणसांत, अर्ध्या टाकीवर बोट पळवून दाखवेल. तुम्ही सहा माणसं बसवा, नाही मिळाली तर पाण्याचे कॅन भरून तेवढे किलो करा. थांबलेल्या बोटीतून थ्रॉटल दिल्यावर ती किती सेकंदांत प्लेनवर येते आणि तोवर नाक किती वर जाऊन समोरचं झाकतं, ते बघा. इंजिनाचा ट्रिम, म्हणजे इंजिन आत-बाहेर कलण्याचा कोन, हळूहळू बाहेर घ्या. नाक नाचायला लागलं की थोडं आत घेऊन थांबतं का पाहा, थांबलं तर काळजी नाही. मध्यम वेगात दोन्हीकडे पूर्ण वळण घ्या, पंखा हवा ओढून ओरडतो का ऐका. शेवटी आपलीच उठवलेली लाट आडवी कापा आणि आजींना जिथे बसवणार त्या सीटवर तेव्हा तुम्ही स्वतः बसा. मधल्या भावाला स्टिअरिंग द्या, दम आहे की नाही ते त्यालाच कळू द्या.

एक गोष्ट पहिल्या दिवसापासून पाळा. चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला किल स्विचची, म्हणजे माणूस फेकला गेला तर इंजिन बंद करणाऱ्या बटणाची, दोरी अडकवल्याशिवाय आणि प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट चढल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही. बोटीच्या किमतीत सहा चांगली जॅकेट आणि त्यात पोरांच्या मापाची वेगळी, एवढं धरूनच भाव ठरवा. यार्डाकडून तळाचे मोजलेले आकडे आणि इंजिनाचा आरपीएम-पट्टा लेखी आला की मला पाठवा, पंख्याचं पिच काढून देते.